सर पुढं, मी मागं

३ नोव्हेंबर, सोमवार
सर आज सव्वानऊला आले. पहाटे साडेपाचला फिरायला जातात, सातला फाटक वाजतं. इतक्या वर्षांत यात फरक नाही. मी पोहे दोनदा गरम केले.
"कुठं होता?"
"कुठं म्हणजे? शाळेवर."
रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. मला हसू आलं. तेही हसले, पण माझ्यानंतर, माझं तोंड बघून. ते हसणं आवडलं नाही मला.
बुटांना घोट्यापर्यंत काळी माती. आपल्याकडं नाक्यापर्यंत सगळी डांबरीच.
नंतर अंगणात चाळीस जोर काढले, रोजच्यासारखे. एकाहत्तर वय. श्वाससुद्धा फुलला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
एक चहावाला सरांना मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. आसना पुलाजवळ त्याची टपरी आहे म्हणे.
"बाई, सर माझ्या टपरीवर बसून राहिले होते. उमरीची गाडी कधी हाय म्हणून चारदा इचारलं. म्हणलं, सर, हितं गाडी न्हाई येत, हितं तर नुसता रस्ता हाय. तर माझ्यावरच रागवले."
उमरीच्या हायस्कूलवर सर खेळाचे शिक्षक होते. सुरुवातीला तिथंच राहत होतो, मग नांदेडहून रोज रेल्वेनं जा-ये. लग्न झालं तेव्हा अख्खी उमरी त्यांना सर म्हणायची. मला दुसरं काही सुचलं नाही, मीही सरच म्हणत राहिले.
चहावाल्याला चहा विचारला. नको म्हणाला. जाताना हळूच, "एकट्याला सोडू नका, बाई."
सर आत टीव्ही बघून राहिले होते. जसं काही झालंच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मेंदूच्या डॉक्टरकडे. सुजाता लातूरहून आली होती. (एकच पोर, तिथं बँकेत आहे.) डॉक्टरांनी सरांना घड्याळ काढायला सांगितलं. गोल छान काढला, कंपासनं काढल्यासारखा. बारा आकडे मात्र सगळे एका बाजूला दाटीनं. दुसरी बाजू कोरी.
रक्तदाब, साखर, हृदय, सगळं ठीक.
"शरीर पन्नाशीचं आहे," डॉक्टर म्हणाले. "तीच अडचण आहे. हा आजार झालेली माणसं बाहेर पडतात, पण थकून जवळपास कुठं तरी बसतात. हे थकणार नाहीत."
चालणं बंद करू का, विचारलं. म्हणाले, मुळीच नको, चालण्यानंच ते जरा टिकून आहेत. फक्त एकटे नकोत. मग माझ्याकडं बघितलं. माझं वजन, गुडघे, मी खुर्चीत बसताना कसा टेकू घेतला ते. डॉक्टर लोक बघतात सगळं.
"तुम्ही किती चालू शकता?"
पस्तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरमागं बसून काढलेली बाई मी. गच्चीवर शेवटची कधी गेले ते आठवत नाही.

१९ नोव्हेंबर
सरांबरोबर निघाले. साडी, चप्पल. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचले तेव्हा सर नाक्याच्या वळणावर. हाक मारली, आवाजच फुटेना. टाकीच्या कठड्यावर बसून घेतलं. ते वळले आणि दिसेनासे झाले.
आठला आपले आपण आले. आज वाट आठवली. उद्याचं कोण सांगावं.
टाकी घरापासून तीनशे पावलं. येताना मोजली.

२४ नोव्हेंबर, सोमवार
फिजिओवाली मुलगी सुजाताच्या वयाची. म्हणाली, "काकू, हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा."
नाही उठता आलं. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा रडू आलं. सहासष्ट वर्षांची बाई आणि खुर्चीवरून उठता येत नाही.
तिनं खाली उशी ठेवली. मग जमलं. एक उशी, पाच वेळा, दिवसातून तीनदा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे.
"सहा महिन्यांत फरक पडेल, काकू."
सहा महिने आहेत का माझ्याकडं, हे तिला काय विचारणार.

२ डिसेंबर
बूट घेतले. आयुष्यातले पहिले. दुकानदार म्हणाला, नातवासाठी का? म्हटलं, पाय माझा मापा.
सलवार-कमीज सुजाताचं जुनं, उसवून मोठं केलं. समोरच्या सईदाआपा फाटकात उभ्या. "या अल्ला, शालूभाभी! पैचानीच नै मैं." मग जवळ येऊन विचारलं, सर कसे आहेत. त्यांना सगळं माहीत आहे. आख्ख्या गल्लीला माहीत आहे. कोणी उघड बोलत नाही इतकंच.
सरांच्या सगळ्या ट्रॅकसूटांना आतून कापडाची पट्टी शिवली. नाव, पत्ता, माझा नंबर.
आज टाकी, त्याच्या पुढं मेडिकल, तिथून परत. सर तोवर दीडपट अंतर पुढं. पण दिसत होते. नजरेत होते.

६ डिसेंबर, शनिवार
पुतळ्यापाशी मेणबत्ती लावायला गेलो. सरांनी त्रिसरण, पंचशील सगळं खड्या आवाजात म्हटलं, एक शब्द चुकला नाही. बाजूच्या बाया बघत होत्या. मला वाटलं, डॉक्टर चुकले असतील.
घरी येताना मला विचारलं, "आपलं घर कोणतं यातलं?"

११ डिसेंबर, गुरुवार
सुजाता म्हणाली म्हणून रात्रीच फाटकाला कुलूप लावलं. सकाळी साडेपाचला सर कुलूप बघून आले. मला वाटलं भांडतील. ते सरळ अंगणात गेले. मी खुर्चीचा व्यायाम करत होते (उशी आता नाही, सहा वेळा होतं). उठले तर अंगण रिकामं.
सईदाआपांनी पाहिलं. कंपाउंडची भिंत साडेचार फूट. सर चार पावलं मागं गेले, धावले, एक हात टेकवून पलीकडं. "बिल्ली के जैसे, भाभी. आवाज बी नै आया."
पोरांना उंच उडी शिकवायचे. पंजांवर उतरा, गुडघे वाकवा. ते पायात अजून तसंच आहे. घर कुठलं ते मात्र गेलं.
साडेदहाला आले. ओठ सुकलेले. कुठं होता, आता विचारत नाही. पाणी दिलं. भांडं रिकामं करून म्हणाले, "गाडी चुकली."

२१ डिसेंबर, लातूर
चार दिवसांसाठी सु.कडं आलो. तिसरा मजला, लिफ्ट आहे. पहिल्या दिवशी सरांनी जिन्यानं सात फेऱ्या मारल्या. जावईबापू कौतुकानं बघत होते. दुसऱ्या दिवशी दार उघडं राहिलं, दूधवाला आला होता तेवढ्यात.
चार तास. जावई गाडी घेऊन, सु. स्कूटीवर, मी खाली वॉचमनच्या खुर्चीत. शेवटी औसा रोडला सापडले. गावाच्या पार बाहेर. जावई म्हणाले, मी गाडी हळू करून शेजारून चाललो होतो, हाक मारली तर म्हणतात, "रस्ता सोडा, प्रभातफेरी आहे."
सु. रडली, मग चिडली. "आई, बास आता त्यांचं चालणं. तुझ्यानं होणार आहे का हे? तू तुझे पाय बघ."
मी पाय बघितले. बूटच होते त्यात.

२३ डिसेंबर
जावईबापूंनी ओळखीच्या डॉक्टरांना फोनवर विचारून गोळी आणली. रात्री एक, सकाळी अर्धी. शांत राहतील म्हणे.
मी दिली. माझ्या हातानं दिली, हे लिहून ठेवते.

२७ डिसेंबर, शनिवार
नांदेड. गोळीचा पाचवा दिवस. सर दुपारपर्यंत पलंगावर. उठवलं तर पाय घासत चालतात, छोटी छोटी पावलं, म्हाताऱ्यासारखी. हा शब्द त्यांच्यासाठी कधी वापरला नव्हता मी. हनुवटीवरून लाळ. टक लावून भिंतीकडं बघून राहतात.
आणि मी चार दिवस आठ-आठ तास झोपले. खरं सांगायचं तर बरं वाटलं. हेही लिहून ठेवते.
सकाळी सर न्हाणीघरात पडले. मोडलं काही नाही. मी उचलायला गेले, उचलेना. सईदाआपा आणि त्यांची सून आल्या तेव्हा कुठं. फरशीवर बसून सर म्हणाले, "माझे पाय कोणी नेले?"
मेंदूच्या डॉक्टरांना फोन केला. ते ओरडलेच. परस्पर काही देऊ नका. गोळी बंद. सु.ला अजून सांगितलं नाही.

५ जानेवारी, सोमवार
सर पुन्हा चालायला लागले. मी मागं. अंतर पंचवीस-तीस पावलं. मेडिकल, शाळा, पेट्रोलपंप, सगळं पार केलं आज. गुडघा दुखतो पण साथ देतो.
पंपापाशी सर एकदम थांबले, वळले. डोळ्यांत ओळख नाही. भीती होती. सरांच्या डोळ्यांत भीती मी पहिल्यांदा पाहिली.
"तुम्ही कोण? रोज माझ्या मागं का येता?"
तुम्ही म्हणाले मला.
काय सांगणार होते? तोंडून निघून गेलं, "सर, मला चालायला शिकायचंय."
पायांपासून वरपर्यंत बघितलं. मग, "नाव?"
"जोंधळे." माहेरचं आडनाव. का सुचलं माहीत नाही.
"जोंधळे, टाच आधी टेकवा. तुम्ही पाय आपटून राहिलात. म्हणून दुखतं."
घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ दिला, घेतला, "जोंधळेंना पण द्या" म्हणाले.
आता मी शेजारून चालते. विद्यार्थ्यानं कुठं चालायचं याची त्यांची शिस्त आहे, डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागं. खांदे सैल. हात कोपरात वाकवा. श्वास नाकानं, चार पावलं आत, चार पावलं बाहेर. चढावर पुढं वाकू नका. मी चुकले की टाळी वाजवतात.
फिजिओवाली म्हणाली, काकू, कोणी शिकवलं हे? चाल एकदम सुधारली. वजन चार किलो उतरलं. खुर्चीवरून बारा वेळा, हात न टेकता.
आज आसना पुलापर्यंत गेलो. जाऊन-येऊन दोन तास. चहावाल्यानं ओळखलं, दोघांना बसवलं. सर त्याला म्हणाले, "ही जोंधळे. उशिरा आली, पण पाय चांगलाय."
लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, असं कौतुक कधी ऐकलं नव्हतं.
परत फिरायच्या वेळी मात्र तयार होईनात. पुढंच जायचं होतं. पुलाच्या पलीकडं बोट दाखवत राहिले. उमरी त्या बाजूला नाहीच. मी हात धरला तर झटकला. जोरात. मनगट अजून लाल आहे. रोज पुढं पुढं ओढ वाढत चाललीय.

२२ जानेवारी, गुरुवार
उजवा गुडघा सुजला. रात्री ठणका. फिजिओवालीनं दाबून बघितलं, आत पाणी झालंय म्हणाली. "आठ दिवस पूर्ण आराम, काकू. घाई केलीत तुम्ही. ऐकलं नाही तर कायमचं जाईल."
आठ दिवस सरांना कोण बघणार? सु.ला मार्चअखेरीची कामं सुरू झालीत. सईदाआपांच्या सुनेला विचारलं, ती शाळेवर जाते. मागच्या गल्लीतला एक माणूस यायला तयार झाला, रिटायर पोलीस. एकच दिवस आला. म्हणाला, "बाई, सर चालत न्हाईत, पळतात. माझ्यानं होत न्हाई."
तो माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे.

२४ जानेवारी, शनिवार
सर नाहीत.
पहाटे पाच ते आत्ता दुपारचे दोन. पोलिसांत दिलं. फोटो दिला. त्यांनी विचारलं, अंगावर काय होतं, तर मला आठवेना. निळा ट्रॅकसूट की काळा. शिवलेली पट्टी दोन्हीत आहे. आहे ना?
चहावाल्याला फोन केला. तिकडं आले नाहीत.
सु. निघाली लातूरहून. अहमदपूरला पोचली.
आज बूट कपाटात होते त्यांचे. अनवाणी गेले का? नाही, जुना जोड नाहीये जागेवर.
फाटकाबाहेर उभी राहिले की गुडघा ठणकतो. आत बसवत नाही.
साडेतीन.

२५ जानेवारी
सापडले. काल पावणेपाचला, मुदखेडच्या अलीकडं.
रुळांवर.
आजवर आम्ही रस्त्यांवर शोधलं. ते रेल्वेनं जायचे ना उमरीला. कधी तरी सुचलं असेल, गाडी नाही तर गाडीची वाट तरी. स्टेशनपासून रूळ धरले आणि निघाले. मधला नदीवरचा रेल्वेचा पूलसुद्धा ओलांडला. एकट्यानं.
रेल्वेच्या गँगमननं पट्टी वाचून फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या झोपडीत बसवलेलं. सर चहात बिस्कीट बुडवून खात होते. टाचा फुटलेल्या, मोज्याला रक्त.
गँगमन मला बाजूला घेऊन म्हणाला, "थांबायलाच तयार न्हाई, बाई. संगं चाललास तर बोलतो म्हणे. मग मी संगं चाललो एक कोस. दोन गाड्या गेल्या. दोन्ही येळेस खाली उतरून ताठ उभं राहिलं, सलामी दिल्यावानी. पर तिसऱ्या येळेस उतरंल का न्हाई, मला भरवसा वाटंना. म्हणून दंडाला धरून आणलं."
त्याच्या पाया पडायला वाकले. त्यानं पडू दिलं नाही.


२ फेब्रुवारी, सोमवार
सु.नं ठरवलंय. लातूरला अशा माणसांची सोय आहे एका ठिकाणी. ती बघून आली. स्वच्छ आहे, जेवण चांगलं, नर्स आहे. मी विचारलं, चालायला? म्हणाली, आत हॉल आहे मोठा. दारं कायम बंद असतात, आई, तेच तर हवंय आपल्याला.
"किती मोठा हॉल?"
"आई!"
पोरीचं चुकत नाही. रुळांची गोष्ट ऐकल्यापासून मलाही झोप नाही. डोळा लागला की शिट्टी ऐकू येते. दहा तारखेला न्यायचं ठरलं. हो म्हणाले मी.
सर दिवसभर दारापाशी उभे असतात. कडीला नवीन कुलूप आहे, ते बघतात. मांड्या बारीक झाल्या आठच दिवसांत. मी हात लावून पाहिलं, झोपेत.
माझा गुडघा उतरला. सूज नाही. काय उपयोग.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सर आज बोलले. तीन दिवसांनी. "जोंधळे, परीक्षा कधी आहे?"
म्हटलं, रविवारी, सर.
"कुठल्या मैदानावर?"
सु.ला सांगणार नाही. ती नाहीच म्हणेल, आणि तिचं बरोबरच असेल. पण एकदा त्यांना उमरीला पोचू दे. रोज निघतात आणि रोज कोणीतरी अर्ध्यातून आणतं. एकदा पोचले तर कदाचित... डॉक्टरांना विचारलं नाही. मनाचंच आहे.

८ फेब्रुवारी, रविवार. उमरी
सकाळच्या गाडीनं आलो. खिडकीशी बसवलं. मुदखेड गेलं तेव्हा मी त्यांचा हात घट्ट धरला, ते बाहेर बघत होते, काही ओळख दाखवली नाही. वही सोबत आणली, गाडीत थोडं लिहिलं, आता इथं.
शाळा बंद, सुट्टी. वॉचमन म्हातारा आहे, त्यानं सरांना लगेच ओळखलं. "सर! तुमच्या हातचे फटके खाल्लेत की मी." फाटक उघडून दिलं. सरांनी त्याच्याकडं बघितलं नाही. मैदानाकडं बघत होते. नवीन इमारत झालीय मधोमध, दोन मजली, मैदान निम्मं राहिलं. मला वाटलं गोंधळतील. बुटाची नाडी बांधली, दोन्ही खांदे फिरवले आणि पळायला लागले.
मीही दोन फेऱ्या पळाले. पळाले! इमारतीला वळसा घालून. मग सरांनी हातानं खूण केली, बाजूला बसा, जोंधळे. इथं पायरीवर बसून राहिले.
काय दिसतायत. पाठ सरळ, डोकं स्थिर. चेहऱ्यावर इतकं समाधान मी कित्येक महिन्यांत पाहिलं नाही. उगीच आणलं का, ही धाकधूक होती, ती गेली. सु.ला फोन करून सांगावं वाटतंय. दहा तारखेचं पुन्हा बोलावं वाटतंय.
इमारतीमागं गेले की दिसत नाहीत. मी आकडे मोजते. पस्तीस-चाळीसला दुसऱ्या कोपऱ्यातून येतात.
सहावी फेरी. हात केला मला.
सातवी. या वेळी माझ्याकडं बघितलं नाही. वेग वाढलाय.
वॉचमन पाणी घेऊन आला. सहज विचारलं, मागच्या बाजूला काय आहे? म्हणाला, "मागं शेतं, बाई. त्याच्यापलीकडं रूळ."
"भिंत असेल ना?"
"भिंत हाय की. फाटक पण हाय. त्याला कुलूप न्हाई, पोरं तिकडूनच येतात."
आठवी. आत्ताच कोपऱ्यामागं गेले.
वीस. तीस.
वॉचमन काहीतरी बोलतोय, जुनं काही, स्पर्धेचं. मला ऐकू येत नाही.
चाळीस.
पन्नास.
दमले असतील. थांबले असतील पाणी प्यायला. मागं नळ असेल.
साठ झाले. मी जाते.